रेलिंगमागचा सामना

बारा वर्षांत धम्मपालनं बाहेर कुठं जायचंय असं एकदाही म्हटलं नव्हतं. पाणी दे, चार्जर लाव, पंखा जरा कमी कर, एवढंच तो मागायचा. त्यामुळं फेब्रुवारीतल्या एका बुधवारी गौतमी कामावरून आली आणि तो म्हणाला, "रविवारी मॅच बघायला जाऊ या," तेव्हा ती एक चप्पल पायात तशीच ठेवून उभी राहिली.

"टीव्हीवर दाखवतात की."

"टीव्हीवर नको. ग्राउंडवर जाऊ."

राज्याच्या टी-ट्वेंटी लीगचे सामने त्या वर्षी हुबळीत होते. रायापूरच्या अलीकडं हायवेला लागून नवं स्टेडियम झालं होतं, त्याचे उंच दिव्यांचे खांब बसमधून जाता-येता दिसायचे. गौतमी गोपनकोप्पला राहायची आणि एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. चौतीस वर्षांची होती. धम्मपाल तिचा थोरला भाऊ, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. विजेच्या कंत्राटदाराकडं लाइनमन असताना कलघटगीजवळ खांबावरून पडला, आणि छातीच्या खालचं अंग तेव्हापासून त्याचं उरलं नाही. पहिली नऊ वर्षं त्याचं सगळं आईनं, चंपाबाईंनी केलं. चंपाबाई गेल्या, मग ते गौतमीकडं आलं. उठवणं, बसवणं, आंघोळ, कुशीवर वळवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं. दुपारी एकदा ती रिक्षानं घरी येऊन जायची. संध्याकाळी साडेपाचला लॅबमधून निघायची ती कुणाशी बोलत थांबायची नाही. शेजारणींनी तिच्यासाठी स्थळं आणणं कधीच बंद केलं होतं.

तिनं स्टेडियमच्या नंबरवर तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा एका मुलीनं उचलला आणि म्हणाली, "व्हीलचेअरवाल्यांसाठी वेगळी जागा आहे मॅडम. वर आहे, पण लिफ्ट आहे." दोन तिकिटं आली. एकावर धम्मपालचं नाव होतं. दुसऱ्यावर नाव नव्हतं, नुसतं 'सहाय्यक' असं छापलं होतं.

रविवारी सकाळपासून गौतमीची तयारी चालली होती. नवी पिशवी लावली, पट्टे दोनदा तपासले. खुर्चीच्या गादीत हवा भरली. उन्हात त्याच्या छातीखालच्या अंगाला घाम सुटत नाही, अंग नुसतं तापत जातं, म्हणून ओले पंचे प्लास्टिकमध्ये घेतले. पिशवी रिकामी करायला रुंद तोंडाची एक बाटली घेतली. तिथलं बाथरूम कसं असेल कुणास ठाऊक. धम्मपालनं हे सगळं खुर्चीतून बघितलं. एकदा म्हणाला, "मी घेतो की ती बॅग मांडीवर." तिनं बॅग खुर्चीच्या मागं अडकवली.

शेजारच्या लोकेशकडं ओम्नी होती. त्यानं आणि गौतमीनं मिळून धम्मपालला आत घेतलं, खुर्ची घडी करून मागं टाकली. स्टेडियमपाशी उतरवून लोकेश म्हणाला, "सहाला इथंच असतो. पोलिसांनी हलवलं तर फोन करतो."

गेटवर अडचण सुरू झाली. तपासणी करणाऱ्या बाईनं बॅग उघडली आणि बाटली वर काढली.

"पाण्याची बाटली आत नाही."

"पाण्याची नाहीये," गौतमी म्हणाली.

"मग कशाची?"

मागं रांग होती. निळ्या जर्सीतली पोरं, एक कुटुंब, कुणाच्या तरी कडेवर लहान मूल. धम्मपाल सरळ समोर बघत होता. दिवसभर परक्या माणसांना लघवीच्या डब्या हातात देणाऱ्या गौतमीला तिथं तो शब्द तोंडातून काढता आला नाही. तिनं बाटली बाईच्या हातातून घेतली आणि शेजारच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली.

पहिल्या गेटला पायऱ्या होत्या. तिथून दुसऱ्या गेटला पाठवलं, तिथून तिसऱ्या. उन्हात अर्धा फेरा झाला. वाटेत पाण्याची पाकिटं वाटत होते, धम्मपाल तीन प्यायला. शेवटी पॅव्हेलियनच्या बगलेला एक लोखंडी शटर दिसलं आणि त्यापाशी स्टुलावर बसलेला साठीचा माणूस. त्याच्या गळ्यात दोरीला किल्ली होती. दोघांचं बोलणं ऐकून तो मराठीत म्हणाला, "या, या. कुठलं तुम्ही?"

"गोपनकोप्प."

"मी सटवाजी. दाजीबानपेठेत तीस वर्षं हमाली केली. आता गुडघे धरले, म्हणून हे." त्यानं किल्ली फिरवून शटर वर ओढलं. "माल चढवायची लिफ्ट आहे ही. पण माणूसही चढतो."

आत कांद्याचा आणि तेलाचा वास होता. खुर्ची जेमतेम मावली. वर पोचल्यावर सटवाजी म्हणाला, "मॅच संपली की येतो मी न्यायला," आणि खाली गेला.

ती जागा म्हणजे एक सिमेंटचा ओटा होता, वर पत्रा. जमिनीवर पिवळ्या रंगानं चार चौकोन आखले होते. दोन चौकोनांत कोल्ड्रिंकचे क्रेट रचून ठेवले होते. तिसऱ्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. जाड काठी, गुडघ्याला पट्टा, मांडीवर पॉपकॉर्नचा मोठा डबा. ती कन्नडमध्ये बोलली. पद्मा तिचं नाव, धारवाडला शाळेत शिकवायची, आता निवृत्त. "पायऱ्या चढायला पाव तास लागला," ती हसून म्हणाली. "लिफ्टचं मला कुणी सांगितलंच नाही."

"एकट्याच आलात?" गौतमीनं विचारलं.

"बरोबर आलेल्या माणसाला घरी जायची घाई असते."

गौतमीनं खुर्ची चौथ्या चौकोनात लावली, ब्रेक ओढले, ओला पंचा धम्मपालच्या मानेवर टाकला. समोर हिरवंगार मैदान होतं. पाहुण्या संघाची फलंदाजी सुरू झाली. दुसऱ्याच षटकात चौकार गेला, सगळं स्टेडियम ओरडलं. ती रेलिंगला हात टेकून उभी होती. तिनं मागं वळून विचारलं, "दिसतंय ना?"

"दिसतंय."

तो मान थोडी वाकडी करून बसला होता. काही वेळानं मान दुसऱ्या बाजूला गेली. मग त्यानं दोन्ही हात टेकून अंग वर उचललं, थोडा वेळ तोलून धरलं आणि खाली सोडलं. गौतमीच्या लक्षात आलं, ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली. तिचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आले. समोर रेलिंगचा जाड पाइप होता, मनगटाएवढा, बरोबर खेळपट्टीवरून आडवा गेलेला. पाइपच्या वर समोरचे प्रेक्षक आणि जाहिरातींचे फलक. पाइपच्या खाली सीमारेषेजवळचं गवत आणि पाठमोरा उभा असलेला एक क्षेत्ररक्षक. चेंडू, फलंदाज, पंच, काही नाही.

"अण्णा, तुला काहीच दिसत नाहीये."

"आवाज येतो की. आणि तो पाठमोरा पळाला की कळतं, चेंडू कुठं गेला."

तिनं खुर्ची मागं घेऊन बघितली, पुढं घेऊन बघितली. मागं नेली की पत्र्याचा खांब मधे यायचा. क्रेट हलवायला कुणी नव्हतं, आणि ते भरलेले होते. तिनं पुन्हा ब्रेक ओढले. तिला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. या जागेसाठी तिनं तीन फोन केले होते.

पाहुण्यांनी एकशे अडुसष्ट केल्या. मधल्या सुट्टीत तिनं धम्मपालच्या पँटचा पाय वर करून पिशवी बघितली. पाऊणहून जास्त भरली होती. ती तीन पाकिटं उतरली होती. पिशवी भरून लघवी मागं तुंबली की काय होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. आधी त्याचं डोकं ठणकतं, कपाळावर घाम फुटतो, मान लाल होते आणि रक्तदाब चढत जातो. मागं एकदा नळीला पीळ पडून असं झालं होतं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की अर्धा तास उशीर झाला असता तर मेंदूवर गेलं असतं.

ती लिफ्टकडं गेली. शटर बंद. बटण दाबलं, दिवाही लागला नाही. फोन लावला, गर्दीमुळं नेटवर्क नव्हतं.

"मी खाली जाऊन त्या मामांना घेऊन येते. डोकं दुखायला लागलं तर..."

"तर काय?" धम्मपालनं विचारलं.

ती जिना उतरली. बावीस पायऱ्या, मधे एक वळण.

खाली सटवाजीचं स्टूल रिकामं होतं. एकानं सांगितलं, त्याला व्हीआयपी पाहुण्यांच्या बॉक्सकडं जेवणाच्या गाड्यांवर पाठवलंय. ती तिकडं गेली. तिथून दुसरीकडं. खाण्याच्या गाड्यांपाशी चेंगराचेंगरी होती, भज्यांचा धूर, कोपरं, ओरडणारी पोरं. सटवाजी कुठं नव्हता. एका दुकानदाराकडं तिनं रिकामा कागदी ग्लास मागितला, तो चहाचा, बोटाएवढा निघाला. पंधरा-वीस मिनिटं गेली. लाउडस्पीकरवर हुबळीच्या सलामीच्या जोडीची नावं ऐकू आली तेव्हा ती परत जिन्यापाशी आली. तिथं आता दोरी बांधली होती आणि दुसराच गार्ड उभा होता.

"टिकेट तोर्सरी," तिकीट दाखवा असं तो कन्नडमध्ये म्हणाला.

तिकिटं बॅगेत होती. बॅग खुर्चीच्या मागं होती. तिनं कन्नडमध्ये सांगितलं की भाऊ वर आहे, व्हीलचेअरवर आहे, त्याच्याजवळ तिकिटं आहेत. गार्ड म्हणाला, तिकीट दाखवल्याशिवाय सोडायचं नाही असं सांगितलंय, साहेब येऊ देत. साहेब कधी येणार? येतील.

"त्याला तिथं काही झालं तर?"

"वर माणसं आहेत की, अक्का."

गौतमी दोरीपाशी उभी राहिली. दोन पावलं बाजूला जाळीचं कुंपण होतं आणि त्याच्या पलीकडं मैदान. इथून सगळं दिसत होतं. गोलंदाजाच्या बुटांचे खिळे दिसत होते. हुबळीचा एक ठेंगणा डावखुरा फलंदाज खेळत होता, त्यानं चेंडू असा अलगद वळवला की तिच्या तोंडून आपोआप 'वा' निघालं. पुढचा चेंडू त्यानं सोडला. त्याच्या पुढचा कुंपणावर येऊन आदळला, तिच्यापासून हातभर अंतरावर. शेजारची बाई तिच्या खांद्याला धरून हसली, तीही हसली. ते षटक संपलं. मग तिला अण्णाची आठवण झाली.

अख्खं एक षटक ती त्याला विसरली होती. ती गार्डकडं वळली आणि पुन्हा तेच बोलायला लागली, यावेळी आवाज चढवून, पण त्याच वेळी डावखुऱ्यानं उंच षटकार मारला. गार्डनं मान वर करून चेंडूकडं बघितलं. गौतमी दोरीखालून वाकून आत शिरली आणि जिना पळत चढली. मागून हाक आली. ती थांबली नाही.

वर खुर्ची जागेवर नव्हती.

तिनं डावीउजवीकडं बघितलं. मग दिसली. ओट्याच्या टोकाला, जिथं रेलिंग संपून जाळी लावली होती, तिथं तिरकी उभी. धम्मपाल पुढं झुकून मैदान बघत होता. त्याच्या शेजारी जमिनीवर पॉपकॉर्नचा डबा होता, वर ओला पंचा झाकलेला. पद्माबाई आपल्या जागेवर बसून शांतपणे सामना बघत होत्या.

"डोकं दुखतंय का? घाम आलाय का?" गौतमीनं त्याच्या कपाळाला हात लावला. कोरडं होतं. तिनं वाकून पँटचा पाय वर केला. पिशवी रिकामी होती.

"कुणी केलं?"

"मी."

"कसं?"

"कॉक उघडला. तू उघडतेस तसाच." तो मैदानावरून नजर न काढता बोलला. "बाईंनी डबा दिला. पॉपकॉर्न आधी संपवले आम्ही दोघांनी."

"आणि सांडलं असतं म्हणजे?"

"सांडलं असतं तर पुसलं असतं."

तिला रडू यायला लागलं आणि तिला त्याचा रागही आला. तिनं तो डबा उचलला, जिन्याच्या वळणावरच्या मोरीत ओतला आणि परत आली. उरलेला सामना तिनं उभ्यानं बघितला, पण काय बघितलं ते तिला सांगता आलं नसतं. हुबळीचा संघ चार धावांनी हरला.

लोक उतरायला लागले. पद्माबाई रेलिंगला धरून उठल्या, धम्मपालला म्हणाल्या, "पुढच्या वेळी पहिल्यापासूनच त्या जाळीपाशी बसू," आणि एकेक पायरी करत निघाल्या. त्यांच्या काठीचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मग तोही थांबला. समोरच्या स्टँडमधली माणसं कमी होत गेली, रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. लिफ्टचं शटर तसंच बंद.

सहा वाजून गेले. नेटवर्क आलं होतं. तिनं स्टेडियमच्या नंबरवर फोन केला, तो नुसता वाजत राहिला. लोकेशचा फोन आला, पोलिसांनी गाडी पुढं काढायला लावली होती, तो फिरून येत होता. तिनं खालच्या गार्डला हाका मारल्या. खाली कुणी नव्हतं. समोरच्या बाजूचे दिवे एकामागून एक बंद झाले.

"बस की जरा," धम्मपाल म्हणाला.

ती पद्माबाईंच्या खुर्चीवर बसली.

"गौता, मी बेंगळूरला जाणार आहे."

"कशाला?"

"एक संस्था आहे. माझ्यासारख्यांना शिकवतात. कंप्युटरवरचं काम, फोनवरचं काम. सहा महिने. राहायची सोय आहे. नंतर नोकरी लागते बहुतेकांना. सोळा तारखेला हजर व्हायचंय."

"कुणी भरला अर्ज?"

"मीच. मोबाइलवर. इंटरव्ह्यू पण झाला. दुपारी, तू येऊन गेल्यावर. लोकेशनं कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता."

म्हणजे लोकेशला माहीत होतं. येताना गाडीत तो गप्प गप्प का होता ते आत्ता तिला कळलं.

"तिथं तुला उठवणार कोण? वळवणार कोण?"

"पहिला महिना तेच शिकवतात म्हणे. स्वतःचं स्वतः करायचं. आज मला बघायचं होतं, घराबाहेर जमतं का."

"म्हणून मॅच?"

"मॅच पण बघायची होती."

गौतमी पंच्याची घडी घालायला लागली. धम्मपाल म्हणाला, "डॉक्टर पहिल्या वर्षीच सांगत होते, याच्या हातांत जोर आहे, फळीवरून सरकत पलंगावर जायला शिकेल. आई घाबरायची. आई गेल्यावर मी तुला म्हटलं होतं. तू फळी माळ्यावर टाकलीस."

"पडला होतास तू."

"एकदा पडलो."

"डोकं फुटलं होतं, अण्णा. मी एकटी होते. रक्त पुसत बसले होते मी."

"हो," तो म्हणाला. "तुझी चूक काढत नाहीये मी."

"मग काय करतोयस?" तिचा आवाज बदलला. "कोल्हापूरच्या लॅबमध्ये मला वरची जागा देत होते. मी गेले नाही. कधी बोलले का तुला? एकदा तरी?"

"नाही बोललीस. मी तुला जा म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. तुझं तोंड कसं झालं होतं ते तुला माहीत नाही. त्या तोंडाला सोडून कोण जाईल?"

त्यानं मान खाली घातली. पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. गौतमीच्या मनात आलं, आपण कोल्हापूरला गेलो असतो तर यानं हा अर्ज तीन वर्षांपूर्वीच भरला असता. हा विचार तिला सहन झाला नाही. ती उठून लिफ्टपाशी गेली आणि शटरवर हातानं थापा मारायला लागली. पत्रा खणखण वाजला. कुणी आलं नाही. तिनं हात लाल होईपर्यंत थापा मारल्या.

"गौता, पुरे," तो म्हणाला.

पावणेसातला सटवाजी जिना चढून आला, धापा टाकत. किल्ली त्याच्या गळ्यात होती. "मला तिकडच्या गेटवर अडकवून ठेवलं, अक्का. इकडं यायला मिळेना. तुमचा ड्रायव्हर भेटला, त्यानं सांगितलं." त्यानं किल्ली लावली, शटर वर केलं. लिफ्ट वर नव्हती, आणि खालून आलीही नाही. तो खाली वाकून बघत राहिला. "जनरेटर नेला वाटतं त्यांनी. भाड्याचा होता."

"दुसरा रस्ता?"

"जिना."

मागोमाग लोकेश आणि दोन गार्ड आले. एक गार्ड म्हणाला, "उचलू की. चौघं आहोत."

धम्मपालनं मान हलवली. "नको. थांबू आपण."

गौतमीला कारण माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मतदानाला नेलं तेव्हा चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं होतं. कुणीतरी फोटो काढला आणि तो पेपरात आला. फोटोत त्याचा शर्ट वर गेला होता, पोट आणि नळी दिसत होती. त्यानंतर तो घराबाहेर पडला नव्हता. तो पेपर तिनं त्याला दाखवला नव्हता, शेजाऱ्यांनी आणून दाखवला.

"थांबू म्हणजे उद्या सकाळपर्यंत," सटवाजी हळूच म्हणाला.

गौतमीनं धम्मपालच्या कपाळाकडं बघितलं. घामाचे थेंब होते. पिशवी पुन्हा भरत आली होती, आणि चार तास एका जागी बसून झाले होते. त्यालाही ते कळलं होतं. तो थोडा वेळ जाळीतून बाहेर बघत राहिला. मग त्यानं शर्ट पँटमध्ये खोचला, पोटावरचा पट्टा घट्ट केला.

"मी सांगतो तसं उचलायचं," तो कन्नडमध्ये म्हणाला, सगळ्यांना कळावं म्हणून. "लोकेश आणि तुम्ही, मागं. हँडल धरा. पुढचे दोघं फ्रेमला धरा, इथं. पाय ठेवायच्या पट्टीला हात लावायचा नाही, ती निसटते. खुर्ची मागं कललेली राहिली पाहिजे. दर पाच पायऱ्यांना थांबायचं. मामा, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बाजूला राहा."

"मी धरते की," गौतमी म्हणाली आणि पुढं झाली.

"तू नको. तू खाली जा."

"अण्णा..."

"खाली जाऊन उभी राहा. तू बघत राहिलीस तर मला बोलता येणार नाही."

एक माणूस कमी पडत होता, म्हणून सटवाजी खाली जाऊन दोन मजूर घेऊन आला. त्यातल्या एकानं खिशातून मोबाइल काढला. धम्मपाल त्याला म्हणाला, "फोन आत ठेवा." त्यानं ठेवला.

गौतमी बावीस पायऱ्या उतरून खाली उभी राहिली. बॅगसुद्धा खुर्चीलाच होती, तिच्या हातात काही नव्हतं. वरून पावलांचा आवाज आणि अण्णाचा आवाज येत होता. "थांबा. आता उजवीकडं. हळू." वळणावर काहीतरी घासलं, कुणीतरी दचकून ओरडलं, आणि तिचं पाऊल आपोआप पायरीवर गेलं. मग अण्णाचा आवाज आला, "काही नाही, चाक लागलं. चला." तिनं पाऊल परत घेतलं. ते शेवटच्या पायरीवर आले तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि दोन्ही हात खुर्चीला घट्ट आवळलेले होते. शर्ट जागेवर होता.

खालच्या बाथरूमला दार अरुंद होतं. लोकेशनं कुठून तरी बादली आणली. धम्मपालनं पिशवी स्वतः रिकामी केली. ती पाठमोरी उभी राहिली.

सोळा तारखेला तो गेला. लोकेशचा भाऊ बेंगळूरला जाणार होता, त्याच्याबरोबर. गौतमी स्टेशनपर्यंत गेली, डब्यात चढली नाही. दीड महिन्यानं तो परत आला, कारण तिथं तासन्‌तास बसून त्याच्या कमरेला जखम झाली होती. तीन आठवडे तो पालथा पडून होता. गौतमीनं जखम रोज धुतली आणि एके दिवशी म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?" तो उशीत तोंड घालून म्हणाला, "म्हटलं होतंस." जखम भरल्यावर तो पुन्हा गेला. आता तो तिथंच एका कंपनीत फोनवर काम करतो, तिघांच्या खोलीत राहतो आणि पलंगावरून खुर्चीत एकटा उतरतो. तसा व्हिडिओ त्यानं तिला पाठवला. तिनं तो दोनदाच बघितला.

कोल्हापूरची जागा केव्हाच भरली होती. गौतमी साडेपाचला लॅबमधून अजून घाईघाईनंच निघते. घर उघडते, दिवा लावते आणि मग काय करायचं ते तिला चटकन सुचत नाही. लॅबमधल्या मुली तिला म्हणतात, आता तुम्ही मोकळ्या झालात. ती हो म्हणते.

परवाच्या रविवारी संध्याकाळी अण्णाचा फोन आला.

"आज काय केलंस?"

"काही नाही. बसले होते."

"बाहेर जायचं की जरा."

"कुठं जाऊ?"

मागून त्याच्या खोलीतल्या माणसांचं हसणं ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "जेवलीस का?" आणि ती म्हणाली, "जेवते आता."